आधुनिक तत्त्वज्ञान आणि संगीत यांचा खरंच काही संबंध आहे, की तत्त्वज्ञांना गाणं आवडायचं एवढंच?

तुम्ही विचारलंय की 'संगीताशिवाय आयुष्य ही एक चूक ठरली असती' हे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं वाक्य जिथे-तिथे दिसतं, पण त्याचा तत्त्वज्ञानाशी काही संबंध आहे, की ती एका मोठ्या माणसाची नुसती आवड होती? आणि हे सगळं वाचून, रोज गाणं ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

संबंध आहे, आणि तो फार आतला आहे. साधारण १७९० ते १९५० या काळात जर्मनमध्ये तत्त्वज्ञान लिहिणाऱ्यांना एक अडचण सतत छळत होती. विचार म्हणजे संकल्पना आणि संकल्पना शब्दांत मांडता येतात, असं धरून चाललं तर संगीताचं काय करायचं? बिनशब्दांचं वाद्यसंगीत कशाबद्दलही काही सांगत नाही. तरी ते ऐकून काहीतरी कळल्यासारखं वाटतं, बरोबर-चूक समजतं, एक सूर हलला तरी खटकतं. हे 'कळणं' कुठल्या खात्यात टाकायचं? या प्रश्नाला ज्याने जसं उत्तर दिलं तसं त्याचं बाकीचं तत्त्वज्ञानही वळलेलं दिसतं. म्हणून एखादा तत्त्वज्ञ समजून घ्यायचा असेल तर तो काय ऐकत होता हे मी आधी बघतो.

कांटपासून सुरुवात करावी लागते, कारण त्याने प्रश्न सर्वांत प्रामाणिकपणे अडवून धरला. १७९०च्या 'क्रिटिक ऑफ जजमेंट'मध्ये त्याने कलांची प्रतवारी लावली आणि काव्याला सर्वांत वर बसवलं. संगीताला त्याने दोन मापं लावली. मन हलवण्याच्या ताकदीवर मोजलं तर संगीत काव्याच्या लगोलग येतं. बुद्धीच्या हाती काय लागलं यावर मोजलं तर ते तळाला जातं, कारण त्याचा खेळ नुसत्या संवेदनांशी. वर तक्रार अशी की संगीत शेजाऱ्याची पर्वा करत नाही. नको असलेल्या दृश्यापासून नजर वळवता येते, पण आवाज येतोच. अत्तर लावलेला रुमाल कोणी खिशातून काढला की सगळ्यांना तो वास घ्यावाच लागतो, तसा. ही तक्रार अनुभवाची होती. क्योनिग्सबर्गला त्याच्या घराजवळच्या तुरुंगातले कैदी खिडक्या उघड्या टाकून मोठमोठ्याने प्रार्थनागीतं म्हणत, आणि १७८४ मध्ये कांटने शहराच्या महापौराला पत्र लिहून त्यांचा आवाज कमी करायला सांगावं अशी विनंती केली होती.

पण कांट हे लिहीत होता तेव्हाच युरोपात काहीतरी बदलत होतं. १७८८च्या उन्हाळ्यात मोत्सार्टने शेवटच्या तीन सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, लिहिल्या. १७९१ मध्ये हायडन लंडनला पोचला आणि तिथे लोक तिकीट काढून त्याच्या सिम्फनी ऐकायला बसू लागले. शब्द नाहीत, नाच नाही, चर्चमधली उपासना नाही, तरी माणसं लक्ष देऊन ऐकताहेत. १८१० मध्ये हॉफमन या लेखक-समीक्षकाने बेटोफनच्या पाचव्या सिम्फनीवर लिहिताना वाद्यसंगीतालाच सर्व कलांमध्ये सर्वांत रोमँटिक म्हटलं. वीस वर्षांत तळाची कला शिखरावर गेली. तत्त्वज्ञानाला तिच्या मागे धावावंच लागलं.

ती धाव सर्वांत पुढे नेली शोपेनहाउअरने. त्याचा मुख्य ग्रंथ, 'द वर्ल्ड ॲज विल अँड रेप्रेझेंटेशन', १८१८च्या अखेरीस निघाला तेव्हा तो तिशीचा होता. ग्रंथ बरीच वर्षं पडून राहिला. मांडणी थोडक्यात अशी: आपल्याला दिसतं ते जग हे आपल्या मनापुढचं चित्र आहे. त्यामागे काय आहे ते कधीच कळणार नाही, असं कांट म्हणाला होता. शोपेनहाउअर म्हणतो, एक वाट उघडी आहे. स्वतःचं शरीर मला बाहेरून दिसतं तसं आतूनही जाणवतं, आणि आतून जे जाणवतं ती असते ओढ, हाव, धडपड. तिला तो 'इच्छा' म्हणतो. ही इच्छा आंधळी आहे, तिला शेवट नाही, आणि सगळं जग तिचंच रूप आहे. चित्र, शिल्प, काव्य या कला जगातल्या गोष्टींचे नमुने दाखवतात. संगीत मात्र कशाचंच चित्र काढत नाही. ते थेट त्या इच्छेचीच प्रतिमा असतं. तो इथवर जातो की जग नसतं तरी संगीत एका अर्थी असू शकलं असतं.

कांटच्या आधीच्या लायब्निझ या तत्त्वज्ञाने संगीताला मनाचं नकळत चाललेलं गणित म्हटलं होतं, आपण मोजतोय हे मनाला ठाऊकच नसतं. शोपेनहाउअरने ते वाक्य घेऊन फिरवलं: संगीत म्हणजे मनाचं नकळत चाललेलं तत्त्वचिंतन.

त्याच्या या विवेचनातला काही भाग मला ओढूनताणून आणलेला वाटतो. खर्जातले सूर म्हणजे जड सृष्टी, मधले म्हणजे वनस्पती आणि प्राणी, वरची धून म्हणजे माणूस, ही जुळवाजुळव वाचताना मन मानत नाही. पण एक निरीक्षण अस्सल आहे, आणि ते रोज बासरी वाजवणाऱ्या माणसाचं आहे. धून मूळ स्वरापासून निघते, भटकते, हजार वाटांनी लांब जाते आणि परत येते. आपली इच्छाही तशीच निघते, तळमळते, भागते, आणि लगेच दुसरी उभी राहते. १८४४च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने आणखी बारीक गोष्ट पकडली. अपेक्षित सुसंवादी सूर येण्याआधी एक विसंवादी सूर मध्येच धरून ठेवला की येणाऱ्या सुराची आस वाढते, आणि तो आल्यावरचं समाधानही वाढतं.

आता या एका निरीक्षणातून काय घडलं बघा. १८५४ मध्ये ऑपेरा रचणारा संगीतकार वाग्नर झुरिकमध्ये परागंदा होता. १८४९च्या ड्रेस्डेनच्या उठावात भाग घेतल्यामुळे त्याला जर्मनी सोडावी लागली होती. तिथे गेओर्ग हेर्वेग या कवीने त्याला शोपेनहाउअर वाचायला लावला, आणि वाग्नर झपाटला. त्याने 'रिंग' या आपल्या ऑपेरामालिकेची संहिता तत्त्वज्ञाला भेट पाठवली. शोपेनहाउअरने पत्राने उत्तर दिलं नाही. त्याचा जीव मोत्सार्ट आणि रोसिनीवर होता. तरी १८५७ ते १८५९ या वर्षांत वाग्नरने लिहिलेला 'ट्रिस्टान आणि इझोल्ड' हा ऑपेरा त्या ग्रंथाशिवाय असा झाला नसता असं मला ठाम वाटतं.

त्याची सुरुवात एकदा नीट ऐका. फक्त चेलो वाजतात, हळू. एक सूर, मग वर उडी, मग अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली उतरणं. तिसऱ्या पायरीवर सुषिर वाद्यं येऊन मिळतात आणि एक स्वरसमूह उभा राहतो, पुढे 'ट्रिस्टान कॉर्ड' म्हणून गाजलेला. तो अस्वस्थ आहे, त्याला कुठेतरी जायचंय. त्यांतला ओबो अर्ध्या-अर्ध्या सुराने वर चढतो, आणि आपल्याला वाटतं आता सुटका होणार. होत नाही. तो ज्या स्वरसमूहावर जाऊन थांबतो तोही अधांतरीच आहे, आपल्याकडे निषादावर येऊन थांबावं तसा. मग शांतता. मग तेच वरच्या पट्टीत. पुन्हा शांतता. दुसऱ्या अंकात प्रेमिकांचं द्वंद्वगीत चढत-चढत नेमकं विसाव्याच्या टोकाशी येतं आणि तिथेच राजा मार्के येऊन धडकतो, सूर तुटतो. सुरुवातीच्या त्या ओढीला विसावा मिळतो तो तिसऱ्या अंकाच्या अगदी शेवटी, इझोल्ड प्राण सोडते तेव्हा. मधे जवळपास चार तासांचं संगीत आहे. विसंवादाने आस वाढते, हे शोपेनहाउअरचं एका सुरापुरतं निरीक्षण वाग्नरने अख्ख्या ऑपेराचा सांगाडा केलं. व्हिएन्नात सत्तरहून अधिक तालमी होऊनही तो रंगमंचावर आला नाही. शेवटी १० जून १८६५ला म्युनिकमध्ये झाला.

मारवा ऐकणाऱ्याला ही तगमग अनोळखी नाही. मारव्यात गायक षड्जावर टेकत नाही, कोमल रिषभ आणि धैवताभोवती फिरत राहतो, आणि मग कधीतरी षड्ज लागतो तेव्हा सगळी मैफल सुटकेचा श्वास टाकते. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे गायकाने षड्ज कितीही टाळला तरी मागे तंबोऱ्यात तो वाजतच असतो. जायचं कुठे याची शंका नसते. वाग्नरकडे तंबोराच नाही. परतायचं घर कुठलं, हेच हळूहळू कळेनासं होतं. शोपेनहाउअरने उपनिषदं वाचली होती, १८०१-०२ मध्ये निघालेल्या लॅटिन भाषांतरातून, आणि त्या ग्रंथाला तो आपल्या आयुष्याचा दिलासा म्हणायचा. पण त्या उपनिषदांच्या देशातलं गाणं काही तो ऐकू शकला नाही. त्याच्या मागे तंबोरा वाजत असता तर त्याने इच्छेपासूनची मुक्ती इतक्या निराशेने मांडली असती का, हा प्रश्न मला कधी सोडत नाही. सतत वाजणारा आधारस्वर मनात असलेल्या माणसाला 'सगळं जग म्हणजे फक्त ओढ' हे पटणं अवघड जावं.

नीत्शे शोपेनहाउअर आणि वाग्नर या दोघांच्या मधून येतो. १८६५ मध्ये लाइपझिगच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला शोपेनहाउअर सापडला, १८६८ मध्ये तो वाग्नरला भेटला, आणि २४व्या वर्षी बाझलला प्राध्यापक झाल्यावर ल्युसर्नजवळच्या वाग्नरच्या घरी त्याचं येणं-जाणं सुरू झालं. १८७२ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं. त्याचं पूर्ण नावच 'संगीताच्या आत्म्यातून शोकात्मिकेचा जन्म'. म्हणणं असं की ग्रीक शोकनाट्य संवादांतून जन्मलं नाही, वृंदाच्या गाण्यातून जन्मलं. ग्रीक देव डायोनिससची उन्मादी, स्वतःला विसरायला लावणारी बाजू म्हणजे संगीत, आणि दुसरा देव अपोलो याची रेखीव, स्वप्नासारखी बाजू म्हणजे रंगमंचावरची पात्रं. दुसरी नसती तर पहिली झेपली नसती. इथेच तो विचारतो: शब्द आणि दृश्य काढून टाकून 'ट्रिस्टान'चा तिसरा अंक निव्वळ सिम्फनी म्हणून ऐकला तर माणूस जिवंत राहील का? आणि सॉक्रेटिस आला, सगळं तर्काने समजलं पाहिजे असा आग्रह आला, तेव्हा हे नाट्य मेलं. आधुनिक तत्त्वज्ञानात तर्कबुद्धीवर इतका थेट आरोप फार थोड्यांनी केला, आणि नीत्शेने तो संगीताच्या बाजूने उभं राहून केला.

पुढे वाग्नरशी बिनसलं. १८७६च्या पहिल्या बायरॉइट महोत्सवातून, म्हणजे वाग्नरच्या स्वतःच्या ऑपेरा-महोत्सवातून, तो उबगून निघून गेला. या भांडणाला पुष्कळदा दोन अहंकारांची टक्कर समजलं जातं. मला ते अपुरं वाटतं, कारण नीत्शेने आक्षेप स्पष्ट लिहून ठेवलाय. वाग्नरच्या संगीतावरचे माझे आक्षेप शरीराचे आहेत, असं तो म्हणतो. हे संगीत सुरू झालं की मला नीट श्वास घेता येत नाही, माझा पाय बंड करतो, त्याला ठेका हवा असतो, नाच हवा असतो. कधीच न भागणारी ओढ सुंदर करून दाखवणारं संगीत माणसाला जगण्यापासून तोडतं, अशी त्याची खात्री झाली. म्हणजे त्याने शोपेनहाउअर आणि वाग्नर दोघांना एकाच दमात नाकारलं, तेही कानाने आणि पायाने. १८८८च्या 'द केस ऑफ वाग्नर'ची सुरुवातच तो बिझेचा 'कार्मेन' हा ऑपेरा विसाव्यांदा ऐकल्याचं सांगून करतो. त्यात त्याला मिळाली कोरडी हवा, ऊन, लय.

आता तुम्ही दिलेलं वाक्य. ते 'ट्वायलाइट ऑफ द आयडल्स'मधल्या छोट्या सूत्रांपैकी एक आहे, आणि सगळीकडे फिरतं ते अर्धवटच. त्याच्या आधी नीत्शे म्हणतो: सुखाला किती थोडं लागतं! बॅगपाइपचा आवाज. मग येतं, संगीताशिवाय आयुष्य ही एक चूक ठरली असती. म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे भव्य ऑपेरा नाही, खेड्यातलं साधं वाद्य आहे. वाग्नरपासून तो किती लांब आला होता ते त्या एका बॅगपाइपमध्ये दिसतं.

दुसरी बाजूही थोडक्यात सांगायला हवी. वाग्नरने शोपेनहाउअर वाचला त्याच १८५४ सालात हान्सलिक या समीक्षकाने एक छोटं पुस्तक काढलं. त्याचा मुद्दा: संगीतातलं सौंदर्य भावनांत शोधू नका, ते स्वरांच्या हलत्या आकृतींत आहे. हाच रूपवादी सूर आपल्याकडे मर्ढेकरांच्या लयविचारात भेटतो, संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांत. आणि वामनराव देशपांड्यांनी 'घरंदाज गायकी'त घराण्यांकडे स्वर आणि लय यांच्या प्रमाणातून पाहिलं त्यातही. गाणं ऐकून 'काय भावना होती!' एवढंच म्हणून थांबणाऱ्याने हे नक्की वाचावं.

अडोर्नो हा या सगळ्या तत्त्वज्ञांत एकमेव, ज्याने रचनाकार होण्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. १९२५ मध्ये तो व्हिएन्नात आल्बान बेर्गकडे शिकला. संगीताची सामग्रीच इतिहासाने घडवलेली असते, हा त्याचा दावा. त्याचंच उदाहरण घेतो. 'डिमिनिश्ड सेव्हन्थ' नावाचा एक ताणलेला स्वरसमूह आहे. बेटोफनच्या शेवटच्या पियानो सोनाट्यात, १८२२च्या ओपस १११ मध्ये, तो सुरुवातीलाच कोसळतो आणि अंगावर येतो. पुढे दिवाणखान्यातल्या हलक्याफुलक्या संगीतात तोच समूह इतका वापरला गेला की त्याचा दम गेला. स्वर तेच, पण आता ते खोटे वाटतात. टाळी घेण्यासाठी मारलेली तिहाई आणि बंदिशीच्या पोटातून आलेली तिहाई मात्रांनी सारखी असली तरी आपल्याला फरक कळतोच की. अडोर्नो म्हणतो, तो फरक नुसत्या रुचीचा नाही. समाजात काय खरं उरलंय आणि काय विकाऊ झालंय, ते त्या स्वरात साठलेलं असतं. अमेरिकेत निर्वासित असताना टोमास मानला 'डॉक्टर फाउस्टस' ही कादंबरी लिहायला त्याने मदत केली. त्या कादंबरीतलं ओपस १११वरचं व्याख्यान त्याच्याशी झालेल्या बोलण्यांतून आलंय, आणि मानने त्यात अडोर्नोचं वडिलांकडचं 'वीझेनग्रुंट' हे नाव एका स्वरवाक्याचे शब्द म्हणून गुंफून ठेवलं.

जॅझबद्दल मात्र त्याने जे लिहिलं ते मला मान्य नाही. बाजारात विकलं जाणारं संगीत म्हणजे वरून वेगळं, आतून एकाच साच्याचं, असा निकाल त्याने आधीच लावला होता आणि कान त्या निकालाला जुंपला. आयत्या वेळी सुचणं म्हणजे काय हे ज्याने ख्यालगायकीत अनुभवलंय, त्याला जॅझमधला तो जिवंतपणा ऐकू येतो. इतक्या तयारीच्या कानाला तो ऐकू येऊ नये याचं वाईट वाटतं.

राहिला लुडविग विटगेनस्टाइन हा तत्त्वज्ञ, आणि माझ्या मते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडेच आहे. व्हिएन्नातल्या त्याच्या घरी संगीतकार ब्राह्म्स येत असे. भाऊ पाउल पियानोवादक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, आणि त्याच्यासाठी रावेल या संगीतकाराने फक्त डाव्या हाताने वाजवायचा पियानो कॉन्चेर्टो लिहिला. संगीत माझ्या आयुष्यात काय आहे याबद्दल मला माझ्या पुस्तकात एक शब्दही लिहिता येत नाही, मग मी लोकांना समजेन अशी आशा कशी धरू, असं लुडविग एका मित्राला म्हणाला होता. पण १९५३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'च्या ५२७व्या परिच्छेदात त्याने कांटचा प्रश्नच उलटा केला. आतापर्यंत सगळे विचारत होते, संगीताचं समजणं भाषेसारखं आहे का? तो म्हणतो, एखादं वाक्य समजणं हे संगीतातली एखादी धून समजण्याच्या आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जवळ आहे. इथे आवाज का चढला, इथे लय का संथ झाली, याचं उत्तर दुसऱ्या कशाशी तरी तुलना करूनच देता येतं.

आपल्याकडची तालीम याहून वेगळी काय असते? शिष्याचा गंधार चुकतो. गुरू व्याख्या सांगत नाहीत. 'असा नाही, असा,' म्हणतात आणि लावून दाखवतात. पुन्हा चुकला तर हाताने दाखवतात, नाहीतर म्हणतात, 'विचारल्यासारखा लाव, सांगितल्यासारखा नको.' आणि एक दिवस तो लागतो. समजलं म्हणजे काय झालं? डोक्यात एखादी संकल्पना येऊन बसली असं नाही. आता पुढची जागा त्याला स्वतःला घेता येते. शब्द समजणंही असंच असतं, हे विटगेनस्टाइनने दाखवलं, आणि कांटच्या प्रतवारीत तळाला असलेल्या कलेने भाषेचंच कोडं सोडवायला मदत केली.

सुरुवात करायची तर 'ट्रिस्टान'चा प्रील्यूड ऐका, दहा-अकरा मिनिटांचा आहे, आणि त्याला जोडून शेवटचं इझोल्डचं गाणं. मैफलीत हे दोन्ही बहुधा एकत्रच वाजवतात. मग शोपेनहाउअरच्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्या खंडातलं ५२वं प्रकरण, त्यानंतर नीत्शेचं 'द केस ऑफ वाग्नर', छोटं आहे. कांट मराठीतून समजून घ्यायचा असेल तर रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' घ्या, पण तिला वेळ द्या. अडोर्नो सर्वांत शेवटी ठेवा, आणि तो वाचण्याआधी ओपस १११ दोन-तीनदा तरी ऐकून घ्या, नाहीतर तो काय म्हणतोय याचा पत्ता लागणार नाही.